पाण्याखालच्या आवाजाचा नियम ऐच्छिक ठेवू नका : आयएमओला खुलं पत्र

प्रति,
मरीन एन्व्हायर्नमेंट प्रोटेक्शन कमिटी,
इंटरनॅशनल मरीटाइम ऑर्गनायझेशन, लंडन

सन्माननीय सदस्यहो, नमस्कार.

जगभरच्या जहाजांचे नियम तुम्ही करता, आणि मी त्या नियमांखाली आख्खी नोकरी काढलेला माणूस आहे. ज्युनियर इंजिनिअर म्हणून जहाजावर चढलो, चीफ इंजिनिअर म्हणून शेवटचा साइन ऑफ केला, आणि मधली सगळी वर्षं तीन-तीन मजली उंच डिझेल इंजिनांच्या शेजारी गेली. आता घरी असतो. डाव्या कानाने कमी ऐकू येतं आणि रात्री सगळं शांत झालं की दोन्ही कानांत एक बारीक शिट्टी वाजत राहते, ती थांबत नाही, डॉक्टर म्हणाले थांबणारही नाही. पुढे जे लिहिणार आहे त्याचा याच्याशी संबंध आहे म्हणून हे आधी सांगितलं.

पत्र मराठीत लिहितोय कारण ते तुमच्याइतकंच जहाजावर काम करणाऱ्या मराठी मुलामुलींनीही वाचावं असं वाटतं. तुमच्याकडे भाषांतर करणारी माणसं आहेत, त्यांच्याकडे नाहीत.

तर विषय असा. २०१४ साली तुमच्या संघटनेने आवाजाबद्दल दोन गोष्टी केल्या. एक, जहाजावरच्या आवाजाचा कोड १ जुलैपासून सोलासमध्ये, म्हणजे जहाजांच्या सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय करारात घेऊन नवीन जहाजांना बंधनकारक केला, म्हणजे इंजिन रूममध्ये ११० डेसिबलच्या वर जायचं नाही, कंट्रोल रूममध्ये ७५ च्या वर नाही, केबिनमध्ये किती, मेसमध्ये किती, सगळं लिहून दिलं आणि मोजून दाखवल्याशिवाय जहाज डिलिव्हरीच होणार नाही असं केलं. माझ्या कानांना त्याचा उपयोग झाला नाही, उशीर झाला होता, पण माझ्यानंतर आलेल्या मुलांचे कान वाचले आणि त्याबद्दल मी तुमचा मनापासून ऋणी आहे. दुसरी गोष्ट त्याच वर्षी एप्रिलमध्ये, जहाजाच्या बाहेर, पाण्याखाली जो आवाज जातो त्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं. ती ऐच्छिक. २०२३ मध्ये ती सुधारली, आधीपेक्षा खूपच चांगली केली, प्रत्येक जहाजाने आवाजाचा प्लॅन कसा बनवायचा तेही त्यात आलं. पण अजूनही ऐच्छिकच.

माझं म्हणणं एवढंच आहे की निदान उत्तरेकडच्या समुद्रांसाठी, जिथे व्हेल आता मोजून उरलेत किंवा जिथे बर्फ वितळून आपण नव्याने घुसतोय तिथे, हा ऐच्छिक शब्द काढा. का ते सांगतो, जरा लांबेल.

आवाज कुठून येतो हे तुम्हाला माहीत आहे पण वाचणाऱ्या सगळ्यांना नसेल. प्रॉपेलरचं पातं जोरात फिरतं तेव्हा त्याच्या एका अंगाला पाण्याचा दाब इतका कमी होतो की गार पाण्याचीसुद्धा तिथल्या तिथे वाफ होते, वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि पुढच्याच क्षणी दाब वाढला की फटाफट फुटतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. ड्राय डॉकमध्ये जहाज घेतलं की पात्यांवर खड्डे पडलेले दिसतात, वाळवीने लाकूड खावं तसे, आणि ते ब्राँझ असतं हं, लाकूड नाही. जो बुडबुडा ब्राँझ खातो त्याचा आवाज केवढा असेल याचा विचार मी नोकरीत असताना कधी केला नाही. आम्ही खड्डे भरायचो, पॉलिश करायचो, जहाज परत पाण्यात.

पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर वेगाने जातो, हवेच्या चौपटीहून जास्त, आणि खालच्या पट्टीतला आवाज शेकडो किलोमीटर जाऊ शकतो. जहाजाचा आवाज मुख्यतः याच पट्टीत. फिन व्हेलची हाक २० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे माणसाला जेमतेम ऐकू येईल एवढी खाली. शीतयुद्धाच्या काळात नौदलांच्या पाण्याखालच्या मायक्रोफोनवर ही ठक ठक यायची आणि बरीच वर्षं कळेना की हे नक्की काय आहे, एखादं यंत्र आहे का कोणी मुद्दाम करतंय, इतकी ती नियमित होती. शेवटी निघाला व्हेल. कॅलिफोर्नियाच्या सॅन निकोलस बेटाजवळ १९६० च्या दशकातलं रेकॉर्डिंग होतं, तिथेच २००३-०४ मध्ये पुन्हा मोजलं तर खालच्या पट्टीतला आवाज १० ते १२ डेसिबलने वाढलेला. डेसिबलचं गणित साधं नसतं, १० वाढले म्हणजे ताकद दहापट. (जाता जाता, पाण्यातला डेसिबल आणि हवेतला डेसिबल वेगवेगळ्या पायावर मोजतात, म्हणून 'जहाजाचा आवाज जेट विमानाएवढा' वगैरे जे फॉरवर्ड फिरतात ते पसरवू नका, त्याने आपलीच बाजू लंगडी पडते.)

आता व्हेलची मोजणी कशी होते त्याकडे येतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथे अडकलंय.

अलास्काच्या उत्तर टोकाला बॅरो, ज्याला आता पुन्हा त्याच्या जुन्या नावाने उत्कियाग्विक म्हणतात, तिथल्या इनुपियाट लोकांची गोष्ट आहे. बोहेड नावाचा व्हेल त्यांच्या जगण्याचा भाग, पिढ्यानपिढ्या त्याची शिकार करून गाव जगलं. १९७७ मध्ये व्हेलच्या शिकारीवर देखरेख करणाऱ्या इंटरनॅशनल व्हेलिंग कमिशनने ती शिकार बंद करायचं ठरवलं, कारण शास्त्रज्ञांच्या अंदाजाने बोहेड दोन हजारांच्याही आत उरले होते. हा अंदाज कसा काढला होता, तर वसंतात बर्फाच्या कडेला उंचवट्यावर उभं राहून मोकळ्या पाण्याच्या पट्ट्यातून जाणारे व्हेल डोळ्यांनी मोजायचे. शिकारी म्हणाले हे चुकतंय. व्हेल फक्त मोकळ्या पाण्यातून जात नाहीत, ते बर्फाखालूनही जातात, डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात, आणि लांबूनही जातात जिथे तुमची नजर पोचत नाही. त्यांनी त्याच वर्षी शिकाऱ्यांचं आपलं वेगळं व्हेलिंग कमिशन उभं केलं आणि नुसतं भांडत बसले नाहीत, शास्त्रज्ञांना म्हणाले या, बघा, आम्ही दाखवतो.

मग बर्फाच्या कडेने पाण्यात हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचे मायक्रोफोन, सोडले. एक नाही, ओळीने तीन-चार, म्हणजे एकच हाक प्रत्येकाकडे किती फरकाने पोचली त्यावरून व्हेल कुठे आहे ते काढता येतं. आणि ऐकायला लागल्यावर कळलं की शिकारी बरोबर होते. जिथे डोळ्याला नुसता पांढरा बर्फ दिसत होता त्याच्या खालून व्हेल बोलत बोलत चालले होते. डोळ्याची मोजणी आणि कानाची मोजणी एकत्र केल्यावर १९८८ चा आकडा साधारण साडेसात हजारांवर गेला, २००१ चा दहा हजारांवर, आणि २०११ चा जवळजवळ सतरा हजार. यात काही खरी वाढ आहे, वर्षाला तीन-साडेतीन टक्क्यांनी तो कळप वाढत होता. पण सुरुवातीचा जो खड्डा होता तो व्हेलचा नव्हता, मोजणाऱ्यांच्या कानाचा होता.

मला ही गोष्ट निवृत्तीनंतर वाचायला मिळाली आणि मी कितीतरी दिवस तिच्यातच होतो. एका आख्ख्या गावाचं अन्न आणि मान एका आकड्यावर टांगलेलं, आणि तो आकडा दुरुस्त झाला कशामुळे, तर कोणीतरी गप्प बसून ऐकलं म्हणून. आणि ऐकू आलं कारण तिथे तेव्हा शांतता होती. जहाजं नव्हती.

म्हणजे बघा ना, आपण समुद्रात आवाज वाढवतो तेव्हा एकाच वेळी दोन नुकसानं करतो. व्हेलला व्हेलचं ऐकू येईनासं होतं, आणि आपल्यालाही व्हेल ऐकू येईनासे होतात. हायड्रोफोनवर हाका कमी आल्या तर व्हेल कमी झाले, का ते गप्प झाले, का ते बोलतायत पण वरून जाणाऱ्या जहाजाखाली आवाज बुडून गेला, हे सांगणं अवघड होऊन बसतं. इंजिन रूममध्ये माझा थर्ड इंजिनिअर दोन फुटांवरून ओरडत असायचा आणि मला त्याचे फक्त ओठ हलताना दिसायचे, मग हाताच्या खुणा. तो तिथे नव्हता असं थोडंच होतं. पाण्यात खुणासुद्धा करता येत नाहीत.

नॉर्थ अटलांटिक राइट व्हेलचं बोलूया. शेकडो वर्षं मारून झाल्यावर १९३५ मध्ये त्याला संरक्षण मिळालं, हळूहळू वाढला, २०१० च्या आसपास ४८० च्या वर गेला आणि मग घसरला. २०२४ चा अंदाज आहे ३८४. एवढेच. प्रत्येकाच्या डोक्यावरच्या खरखरीत ठिपक्यांवरून त्याला ओळखतात, प्रत्येकाची फाइल आहे, कोणाची आई कोण, कोण कधी जाळ्यात अडकला, सगळं नोंदलेलं. एकट्या २०१७ मध्ये त्यातले १७ मेले, १२ कॅनडात आणि ५ अमेरिकेत. मरण्याची मोठी कारणं दोनच, जहाजाची धडक आणि मासेमारीचे दोर. पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त व्हेल आयुष्यात एकदा तरी दोरांत अडकलेत.

यांची एक हाक असते, खालून वर जाणारी, सेकंदभराची, मी इथे आहे तू कुठे आहेस अशी. बॉस्टनकडे जाणाऱ्या जहाजांच्या वाटेवर बॉय, म्हणजे पाण्यावर तरंगणारे बोये, बसवलेत ते हीच हाक ऐकतात आणि मग जहाजांना कळवतात. आणि संशोधकांना असं दिसलं की आवाज वाढला की हे व्हेल जास्त जोरात बोलतात, आणि जुन्या रेकॉर्डिंगच्या तुलनेत त्यांची पट्टीही वर सरकलीये. अगदी आम्ही करायचो तेच. पण ओरडायलाही मर्यादा असते, आणि ओरडून ओरडून माणूस थकतो हे मी स्वतःच्या शरीरावरून सांगतो.

त्यात नुकतं पिल्लू झालेल्या माद्या जोरात बोलतच नाहीत. पिल्लाशी त्या इतक्या हळू आवाज काढतात की जरा लांब असलेल्याला पत्ताच लागणार नाही, बहुधा शिकारी प्राण्यांनी ऐकू नये म्हणून. आता विचार करा, फ्लोरिडा आणि जॉर्जियाच्या किनाऱ्याजवळ हिवाळ्यात या माद्या पिल्लं घालतात, म्हणजे ज्या सगळ्यात मोलाच्या त्याच सगळ्यात हळू बोलतात, त्यामुळे 'बॉयवर काही ऐकू आलं नाही, वाढवा स्पीड' हे तिथे चालत नाही. जहाजाने आधीच हळू असायला पाहिजे.

११ सप्टेंबर २००१ नंतरच्या दिवसांत काय झालं ते तर मला विसरताच येत नाही. हल्ल्यानंतर जहाजं थांबली, आणि कॅनडाच्या बे ऑफ फंडीमध्ये तेव्हा योगायोगाने दोन गोष्टी चालू होत्या, काही लोक पाण्यातला आवाज रेकॉर्ड करत होते आणि काही लोक राइट व्हेलची विष्ठा गोळा करत होते, तीतून ताणाचे हार्मोन मोजायला. पुढे हे दोन्ही जुळवून बघितलं तर त्या दिवसांत आवाज ६ डेसिबलने पडला होता आणि व्हेलच्या अंगातले ताणाचे हार्मोनही खाली आले होते. २०१२ मध्ये हे छापून आलं. कोणी व्हेलसाठी काही केलं नव्हतं. माणसं दुःखात होती, जहाजं उभी होती, आणि पाण्याखाली कोणाचा तरी जीव जरा हलका झाला होता.

आता ऐच्छिक या शब्दाबद्दल, कारण तुमच्या सभांमध्ये हाच मुद्दा पुढे येतो की लोक आपणहून करतील, जरा अनुभव जमू द्या.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर २००८ पासून नियम आहे, ६५ फूट आणि त्याहून मोठ्या जहाजांनी ठरलेल्या मोसमात ठरलेल्या पट्ट्यात १० नॉटच्या, म्हणजे ताशी १० सागरी मैलांच्या, वर जायचं नाही. हा बंधनकारक. आम्ही पाळायचो. का, तर एआयएसवर, म्हणजे जहाज कुठे आहे आणि किती स्पीडने जातंय हे सतत कळवणाऱ्या यंत्रावर, सगळं दिसतं आणि दंड होतो. पण पट्ट्याची रेघ ओलांडली की त्याच मिनिटाला ब्रिजवरून, म्हणजे वर जहाज चालवतात तिथून, फोन, चीफ साब, वाढवा. मी वाढवायचो. त्या पट्ट्याबाहेरही, जिथे व्हेल दिसलेत, तिथे तात्पुरते भाग जाहीर व्हायचे, हळू जा अशी विनंती असायची, ऐच्छिक. एकदा अशी सूचना आलेली असताना मी कॅप्टनना म्हणालो की आपण तसेही पुढच्या पोर्टला अँकरवर थांबणार आहोत, बर्थ, म्हणजे धक्क्यावरची जागा, रिकामा नाही, मग आत्ताच हळू जाऊ. कॅप्टन चांगले होते, त्यांनी ऑफिसला मेल टाकला. ऑफिसने चार्टररला, म्हणजे ज्याने जहाज भाड्याने घेतलं होतं त्याला, विचारलं. उत्तर आलं की कराराप्रमाणे स्पीड ठेवा. आम्ही फुल स्पीडने गेलो आणि पोचून दीड दिवस नांगर टाकून बसलो. कंपनीचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही, दुसरी कोणी असती तरी हेच झालं असतं.

म्हणून विचारतो, ऐच्छिक म्हणजे नक्की कोणाची इच्छा? माझी होती. कॅप्टनची होती. ऑफिसला बहुधा काही वाटत नव्हतं. आणि ज्याची इच्छा चालते तो त्या जहाजावर नव्हताच, त्याला तो समुद्र कधी दिसलाही नसेल. जहाजावरच्या माणसाच्या हातात नियमाचा कागद असला तर तो मालकाला, चार्टररला दाखवून सांगू शकतो की बघा, मला परवानगी नाही. विनंतीचा कागद दाखवून काही होत नाही. तुम्ही नियम केलात तर तो आमच्यावर बोजा पडतो असं समजू नका, तो आमच्या बाजूने उभा राहतो.

आता कोणी म्हणेल व्हँकुव्हरकडे बघा, तिथे ऐच्छिक चाललंय. खरं आहे. तिथल्या पोर्टने २०१७ पासून हारो सामुद्रधुनीत जहाजांना उन्हाळ्यात हळू जायला सांगितलं, बहुतेक जहाजं ऐकतात, पाण्याखाली माइक लावून आवाज कमी झालेला मोजलाही. मी त्याचं कौतुकच करतो. पण तिथे प्रत्येक मोठ्या जहाजावर स्थानिक पायलट, म्हणजे तिथल्या पाण्यातून वाट दाखवणारा, असतो, पोर्ट स्वतः मागे लागतं, शांत जहाजाला पोर्टच्या फीमध्ये सूट मिळते, आणि ज्या ऑर्कांसाठी, म्हणजे किलर व्हेलसाठी, हे चाललंय त्यांना तिथली माणसं एकेकाला ओळखतात. उघड्या समुद्रात यातलं काहीही नसतं. तिथे फक्त तुम्ही असता.

त्या ऑर्कांबद्दलही सांगायला हवं. सदर्न रेसिडेंट म्हणतात त्यांना, तीन कुटुंबं, 'जे', 'के' आणि 'एल' या अक्षरांची. १९७६ पासून दरवर्षी त्यांची शिरगणती होते, पाठीवरच्या पांढुरक्या खुणेवरून आणि पंखाच्या खाचांवरून एकेक ओळखून. सध्या ७० ते ७५ च्या दरम्यान आहेत. १९६० आणि ७० च्या दशकात मत्स्यालयांसाठी यांची पिल्लं पकडून नेली, त्यातून हा कळप सावरलाच नाही. मायकेल बिग यांनी फोटोवरून ओळखायची पद्धत बसवली आणि जॉन फोर्ड यांनी ऐकून ऐकून दाखवून दिलं की प्रत्येक कुटुंबाची हाकांची बोली वेगळी असते, पिल्लं ती आईकडून आणि घरच्यांकडून शिकतात. म्हणजे तिथे माणूस डोळे मिटून नुसतं ऐकून सांगू शकतो की हे 'जे' अक्षराचं कुटुंब चाललंय. हे वाचताना मला आपल्याकडे दोन वाक्यांत माणूस कुठल्या भागातला ते कळतं त्याची आठवण झाली. यांचं खाणं मुख्यतः चिनूक सामन, आणि तो शोधायचा आवाजाने, टिकटिक सोडून तिचा प्रतिध्वनी ऐकून. अंगावर यंत्र चिकटवून केलेल्या अभ्यासात दिसलं की आवाज वाढला की मासा हाती लागण्याचं प्रमाण पडतं आणि माद्या तर शिकार अर्धवट सोडून देतात. आधीच सामन कमी, त्यात हे. २०१८ मध्ये जे३५ नावाच्या मादीने मेलेलं पिल्लू १७ दिवस डोक्यावर वाहून नेलं, जगभर फोटो गेले. २०२५ च्या सुरुवातीला तिचं दुसरं एक पिल्लू गेलं आणि तिने पुन्हा तेच केलं. यावर मला काही लिहवत नाही.

सगळं खापर जहाजांवर फोडायला मी बसलेलो नाही. ग्रे व्हेल २०१६ मध्ये २७ हजारांच्या आसपास होते, आता १३ हजारांच्या घरात आलेत, आणि त्यात मोठा वाटा उत्तरेकडच्या त्यांच्या खाण्याचा आहे, बर्फ घटतोय तसं तळातलं ते बारीक खाद्य बदलतंय. उत्तर पॅसिफिकमधले हंपबॅक २०१२ पर्यंत ३३ हजारांवर गेले होते, समुद्रात उष्णतेची लाट आली आणि २०२१ पर्यंत २७ हजारांच्या खाली आले. पण पाणी गार करणं तुमच्या एका ठरावाने होणार नाही. आवाज तुमच्या ठरावाने कमी होऊ शकतो, आणि तोही लगेच. तेल सांडलं तर वर्षानुवर्षं राहतं, प्लास्टिक त्याहून जास्त, आवाज मात्र इंजिन हळू केलं की त्या मिनिटाला खाली येतो. समुद्रातलं दुसरं कुठलं प्रदूषण असं आहे?

आता आर्क्टिक. आर्क्टिक कौन्सिलच्या गटाने काढलेलं आहे की २०१३ ते २०१९ या सहा वर्षांत तिथल्या काही भागांत जहाजांचा पाण्याखालचा आवाज दुप्पट झाला. बाकी समुद्रांना याला कित्येक दशकं लागली होती. नारव्हाल, तो लांब दात असलेला, त्याच्यावर पूर्व ग्रीनलंडमध्ये प्रयोग केले तर जहाज १२ किलोमीटरवर असताना त्याचे शिकारीचे आवाज निम्म्यावर आले आणि ४० किलोमीटरवरही परिणाम दिसत होता. ४० किलोमीटर! आम्हाला ब्रिजवरून तो कधी दिसलाच नसता. लॉगमध्ये लिहिलं असतं, समुद्र शांत, काही विशेष नाही. तुमचा पोलर कोड, म्हणजे ध्रुवाकडच्या समुद्रांत जाणाऱ्या जहाजांचे नियम, २०१७ पासून लागू आहे, त्यात बर्फ आहे, तेल आहे, सांडपाणी आहे, पाण्याखालच्या आवाजाची मर्यादा नाही.

आणि तिथे कोण राहतं ते ऐका. ग्रीनलंड आणि स्वालबार्डच्या मधल्या फ्रॅम सामुद्रधुनीत बोहेडचा एक कळप आहे जो शिकारीने जवळपास संपलाच होता. तिथे तीन-चार हिवाळे हायड्रोफोन ठेवले आणि त्यात १८४ वेगवेगळी गाणी सापडली. ध्रुवावरची काळोखी रात्र, वर जाड बर्फ, आणि खाली चोवीस तास गाणं, दर मोसमात नवीन. बोहेड जगतो किती तर दोनशे वर्षांपर्यंत जाऊ शकतो असं डोळ्याच्या भिंगावरून काढलंय. २००७ मध्ये अलास्कात एका बोहेडच्या मांसात १८८० च्या आसपास बनवलेल्या स्फोटक भाल्याचा तुकडा निघाला, त्याचं वय ११५ ते १३० धरलं. मी हिशोब केला. रुडॉल्फ डिझेलचं पहिलं चालतं इंजिन १८९७ चं. म्हणजे तो व्हेल डिझेल इंजिनाच्या आधी जन्मला होता. माझा सगळा धंदा त्याच्या आयुष्यात सुरू झाला. आज तिथे पोहणाऱ्या म्हाताऱ्या बोहेडांमध्ये असे कोणी असतील ज्यांनी तो जुना शांत समुद्र स्वतः ऐकलाय, आणि त्याच जागी आता ते आपल्या जहाजांचा आवाजही ऐकतायत.

मागणी काय ते स्पष्ट लिहितो. आवाजाचा प्लॅन, जो तुम्हीच २०२३ मध्ये लिहिलाय, तो पोलर कोडच्या पाण्यात जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला बंधनकारक करा, तिथून सुरुवात होऊ दे, मग राइट व्हेलच्या वाटेवर आणा. नवीन जहाजांना पाण्याखालच्या आवाजाची मर्यादा डिझाइनमध्येच घाला, केबिनच्या आवाजाची घातलीत तशीच. जुन्यांना निदान प्रॉपेलर पॉलिश, हल म्हणजे जहाजाचं बाहेरचं अंग साफ, आणि ठरलेल्या भागात स्पीडची मर्यादा. खर्चाचं म्हणाल तर मी चीफ होतो, बंकरचे, म्हणजे इंधनाचे, हिशोब मीच ठेवायचो, स्पीड वीस टक्क्यांनी उतरवला तर लागणारी पॉवर जवळपास निम्म्यावर येते, आणि साफ प्रॉपेलर तेलही कमी खातो. २०२३ पासून कार्बनसाठी तुम्ही सीआयआय, म्हणजे जहाज किती कार्बन सोडतं त्यावरून त्याला मिळणारी श्रेणी, बंधनकारक केलंच आहे, जहाजं त्यासाठी हळू होतायतच, त्याच कागदाला आवाजाची एक ओळ जोडायची आहे. जिथे बर्थ रिकामा नाही तिथे धावत जाऊन नांगर टाकून बसायची सक्ती करारातून निघावी यासाठीही तुम्ही दबाव आणू शकता.

आणि इनुइट लोकांना, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांना (उत्कियाग्विकचे इनुपियाट त्यांच्यातलेच), टेबलावर खरी जागा द्या. २०२१ मध्ये त्यांच्या संघटनेला तुमच्याकडे बसायला मिळालं, सुधारलेल्या तत्त्वांमध्ये त्यांच्या प्रदेशाचा उल्लेख आला, चांगलं झालं. पण १९७७ ची गोष्ट आठवा, तेव्हाही त्यांना ऐकून घेतलं नव्हतं आणि बरोबर तेच निघाले. कुठल्या खाडीत कधी जहाज नको हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार नाही. बॅफिन बेटाच्या बाजूचे शिकारी कितीतरी वर्षं सांगतायत की खाणीची जहाजं वाढल्यापासून नारव्हाल नेहमीच्या जागा सोडतायत. त्यांना पुन्हा आकड्याचा पुरावा मागत बसू नका, कारण तो आकडा काढायला जी शांतता लागते तीच आपण घालवतोय.

तुमच्या लंडनच्या ऑफिसच्या दारात ब्राँझचं एक मोठं शिल्प आहे, जहाजाची नाळ आणि तिच्यावर एकटा उभा असलेला खलाशी, पुढे बघत पहारा देणारा. आम्हा जहाजवाल्यांसाठी आहे ते. त्याच्याजवळून आत जाऊन तुम्ही पुढच्या वेळी बैठकीला बसाल आणि पाण्याखालच्या आवाजाचा विषय अजेंड्यावर येईल, तेव्हा भाषणं सुरू व्हायच्या आधी एक करा. फ्रॅम सामुद्रधुनीतलं बोहेडचं गाणं एक मिनिट हॉलमध्ये लावा. मग त्याच्यावरच मोठं जहाज जातानाचा आवाज एक मिनिट चढवा, आणि गाणं ऐकू येतंय का ते बघा. माझ्या कानांना आता पहिलंही नीट ऐकू येत नाही. तुमच्या कानांना येईल.

आपला,
एक निवृत्त मरीन इंजिनिअर